तुमच्या फोटोमागचं बाळंतपण

अहो बालाजीचे बाबा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. कसं झालं ते तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण जो काही घोळ झाला तो सगळा तुमच्यामुळे झाला. बालाजी स्वयंपाकाची मोठी भांडी परत द्यायला गेलाय. तुमच्या बहीणबाई, म्हणजे आपल्या आक्का, आत्ताच चहा पिऊन आपल्या घरी गेल्या. आणि मला कुणावर तरी ओरडायचं आहे. हाताशी दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. म्हणून वर्षभर गप्प बसले. पण बोल लावणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. माणसानं जाताना आपला पसारा तरी आवरून जावं की नाही? तुम्ही काय आवरलंत? पान्यांची पेटी उघडी, चष्मा खिडकीत, आणि घरभर चिमण्या!

पंख्यापासूनच सुरुवात करते. वैशाखात वालूरचं ऊन काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा घरात छताला चांगला पंखा आहे, आणि तो लावायचा नाही! का? तर पंख्याच्या वरच्या वाटीत चिमणीनं घर केलंय. तुम्ही बटणावर काळी चिकटपट्टी लावलीत आणि वर मलाच दम दिलात, "कुणी बी बटन दाबायचं न्हाई." पाहुणे यायचे, पदरानं वारा घेत बसायचे, पंख्याकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे. त्यांना वाटायचं, लाईटबिलापायी ही बाई पंखा लावत नाही. कंजूस मी ठरले, अन् भूतदयावाले तुम्ही!

मग तुम्ही कूलर आणलात. त्याच्या जाळीतलं गवत चिमण्यांनी आठ-पंधरा दिवसांत उपटून नेलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "वास चांगला येतो त्याला, म्हणून नेतेत." म्हणजे चिमणीची हौस झाली, आणि आम्ही घामानं भिजत बसलो.

दोष चिमण्यांचा तरी कसा म्हणू? त्यांना चटावलं कुणी? सेलूच्या जिनिंगवरून, कापसाची यंत्रं दुरुस्त करून तुम्ही यायचात तेव्हा अंगभर रुई चिकटलेली असायची. केसांत, कानात, बाहीच्या घड्यांत. दुसऱ्या कामगारांच्या बायका अंगणातच सदरा झटकून घ्यायच्या. मी झटकायला गेले की तुम्ही हात धरायचात. "थांब, थांब." आणि एक एक पुंजका काढून तुळशीच्या कठड्यावर, कपड्यांच्या दोरीवर, कुंपणाच्या काट्यांना लावत बसायचात. हातपाय धुणं राहिलं, चहा निवून गेला. चिमण्या वाटच बघत असायच्या. तुमच्या गाडीचा आवाज त्यांना माझ्याआधी कळायचा. आपल्या घरातलं कुठलंही घरटं काढून बघा, आतून गादीवाल्यानं भरून दिल्यासारखं पांढरंशुभ्र. माझ्या उशीत मात्र जुन्या साड्यांच्या चिंध्या!

आणि ते फोटो. सगळ्या मराठवाड्यात फोटो भिंतीला लावतात, आपल्याच घरात भिंतीपासून दूर लावतात. मागं लांब सुतळी, खाली लाकडाचा ठोकळा, आणि वरची बाजू पुढं झुकलेली. मागं वीतभर फट राहिली पाहिजे. देव बसवायचे ते चिमण्यांच्या सोयीनं. तुमचे साडू पहिल्यांदा घरी आले तेव्हा वर बघत म्हणाले, "काय हो, तुमच्या घरचे सगळे देव वाकून काय बघायलेत? काही हरवलं का त्यांचं?" तुम्ही हसलात. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी.

मामंजींच्या फोटोचं तर काय सांगू! त्यांच्यामागं पिल्लं होती आणि झरोक्यातून धामण आली. मी दळण निवडत बसलेले. सहज वर बघते तर मामंजींच्या फेट्याच्या वरून शेपूट लोंबतेय. मी ओरडले. तुम्ही काठी घेऊन आलात. सापाला मारायचं नाही आणि पिल्लांना वाचवायचं, अशी तुमची दुहेरी कसरत. त्यात फोटो खाली आला, काच फुटली, धामण न्हाणीच्या मोरीतून गेली, आणि आक्का आठ दिवस आपल्या घरी आल्या नाहीत. "माझ्या बापाचा फोटू पाखरापायी फोडला," असं त्यांनी गावभर सांगितलं. त्या गावातच दिलेल्या, त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, म्हणजे सांगायला वेळ लागला नाही.

आरशाचं तुम्हाला आठवत असेल. चिमणा आरशातल्या चिमण्याशी भांडायचा, चोच आपटून आपटून दमायचा, म्हणून तुम्ही आरशावर टॉवेल टाकून ठेवायचात. मी कुंकू अंदाजानं लावायची. तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणायचात, "जरा डावीकडं गेलंय." मी पुसून परत लावायची. "आता उजवीकडं." आता आरशावरचा टॉवेल काढलाय मी. काढून काय मिळवलं, ते विचारू नका.

असो. कालचं सांगत होते.

तुम्ही गेल्यावर बालाजीनं तुमचा फोटो मोठा करून आणला. जिनिंगच्या ओळखपत्रावरचाच, दुसरा एकट्याचा होता कुठं? कॅमेरा दिसला की तुम्ही पोरांना पुढं करून मागं सरकायचात. त्या फोटोत तुम्ही असे बघताय, जणू कुणी तुमच्या पान्याला हात लावलाय. तो बालाजीनं मधल्या खोलीत लावला. खिळा ठोकला, मागं लांब सुतळी बांधली, खाली ठोकळा लावला आणि वरून पुढं झुकवला. मी बघत होते आणि मलाही काही वाटलं नाही. दिवस वाईट होते. शिवाय आपल्या घरात फोटो असाच लावतात, हे हातांना पाठ झालेलं. पोरगं पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण वडलांचा फोटो लावताना त्यानं चिमणीची जागा सोडलीच!

मग काय व्हायचं होतं? होळीनंतर काडी आली. मग पीस आलं. तुमच्या फोटोला आक्कांनी परभणीहून चंदनाचा हार आणून घातला होता, त्याच्या पाकळ्या एक एक करून कमी व्हायला लागल्या. आधी मला वाटलं, झुरळं कुरतडतात. नंतर बघितलं तर चिमणी तुमच्या खांद्यावर बसून पाकळी ओढतेय! मी हुसकलं. ती गेली आणि चिमणा आला. मी झाडू उगारला. तो बसला जाऊन मामंजींच्या डोक्यावर. मी ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक वाचत बसायची ते त्याच जागी, तर एकदा उघड्या पानावरच शिंतोडा. परत करायला गेले तर ग्रंथपाल म्हणाला, "काकू, मागच्या पुस्तकावर बी हेच हाय." आता त्याला काय सांगू? आमचे हे गेले, पण यांची मंडळी आहेत?

वैशाख लागला आणि फोटोमागून चिवचिव सुरू झाली. म्हणजे पिल्लं निघाली. आणि वर्षश्राद्ध तोंडावर!

आता घरातलं एक तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. आपल्या सुनेला, रेणुकाला, दिवस गेलेत. सातवा चालू आहे. तुम्ही असतात तर रुईचे पुंजके काय, आख्खी गासडी उचलून आणली असती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला आई नाही. म्हणजे ते माझ्याकडंच आलं. डॉक्टरनं तिला जास्त हिंडू-फिरू नको म्हणून सांगितलंय. बालाजी दिवाळीपासून मागं लागलाय, "आई, पुण्याला चल." दिवाळीला मी म्हणाले, तूर काढायची आहे. संक्रांतीला म्हणाले, यांचं वर्ष होऊ दे, वर्षाच्या आत घर बंद करू नये. आता वर्ष झालं. तो आला तेच ठरवून. श्राद्ध झालं की फोटो पिशवीत, घराला कुलूप, आणि आई गाडीत.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तो स्टूल घेऊन आला, "फोटो काढून पुसून ठेवतो, उद्या चौरंगावर ठेवायचाय."

"काढू नको," मी म्हणाले. "मागं पिल्लं हायेत."

तो स्टूलवर उभा राहून बघतच राहिला. "आई, इथं पण?"

"इथं पण."

"मग आता चौरंगावर काय ठेवायचं?"

"दुसरा फोटो छापून आण सेलूहून."

आक्का दारातच होत्या. "वर्षभर ज्याला हात जोडले तो फोटू सोडून दुसरा? का, ह्यानं काय पाप केलं? काढ रे बालाजी तो फोटू."

बालाजीनं चौकटीला हात लावला. मागून पिल्लांनी एकच कालवा केला, चिमणी त्याच्या कानाजवळून फर्रकन गेली, आणि काड्या, रुई अन् चंदनाच्या पाकळ्या त्याच्या डोक्यावर पडल्या.

"घरट्याला हात लावू नको!" आक्काच ओरडल्या. "माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला जवळ करीत न्हाई."

"मग फोटो कसा काढू आत्या?"

"फोटू काढ. घरटं ऱ्हाऊ दे."

"घरटं फोटोवरच हाय!"

"मग तुझं तू बघ. शिकलेला हाईस ना?"

हसू नका. मला तेव्हा रडूही येत होतं आणि त्या दोघांना लाटण्यानं मारावंसंही वाटत होतं. पण सगळ्यात जास्त राग तुमचा येत होता. वरून बघत होतात. हलला नाहीत जागचे!

काल गुरुजी आले, तोवर ठरलंच नव्हतं काही. त्यांनी वर बघितलं, ऐकलं, आणि शांतपणे म्हणाले, "वर आहेत तर वरच राहू द्या. खाली पाटावर सुपारी मांडू."

"सुपारी?" आक्का उठूनच उभ्या राहिल्या. "माझा भाऊ म्हणजे सुपारी का?"

"आक्का, गणपती सुपारीचा चालतो. तुमचा भाऊ काय गणपतीपेक्षा मोठा लागून गेला?"

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आक्काही जरा खाली बसल्या. तर असं तुमचं वर्षश्राद्ध झालं. खाली सुपारी, वर तुम्ही, आणि मध्ये चिमणा-चिमणीची ये-जा. गुरुजी नाव-गोत्र सांगतायत आणि चिमणा चोचीत अळी धरून त्यांच्या डोक्यावरून चाललाय. एकदा तर त्यांच्या उपरण्यावरच प्रसाद पडला. त्यांनी बघितलं, उपरण्याची ती बाजू आत दुमडली आणि मंत्र पुढं चालू. भला माणूस! पुरणपोळी मी त्यांना दोनदा आग्रह करून वाढली.

पंगती उठल्या. बालाजी म्हणाला, "आई, परवा सकाळी निघू. रेणुका एकटीच हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पिल्लं उडू दे. मग येते."

तो म्हणाला, "आई, तिकडं तुझ्या नातवंडाची वेळ जवळ आली अन् तू इथं चिमणीचं बाळंतपण करायलीस!"

खरंच होतं ते. पण आक्का कुठल्या गप्प बसतात! पत्रावळी गोळा करता करता, माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "पाखराचं नाव सांगू नको कौसल्या. दिवाळीला तूर होती. संक्रांतीला वरीस होतं. आता पाखरं हायेत. तुला त्याला भिंतीवर सोडून जाववंना, एवढंच हाय ते."

मला इतका राग आला की मी न्हाणीत जाऊन घासलेलीच भांडी परत घासली.

राग आला, कारण बाई बरोबर बोलली. उभ्या जन्मात माझ्याशी एक शब्द सरळ बोलली नाही, आणि बोलली ती नेमकी काल, उष्टी काढताना! मी तिच्यावर चिडू की तुमच्यावर? तुम्ही दुपारी छातीत दुखतंय म्हणालात, परभणीच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेलात. मला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. आणि ज्यांच्यापायी मी जन्मभर झाडू घेऊन फिरले, शेवटी त्या चिमण्यांचीच सबब पुढं करून मी तुमच्यासमोर बसून राहायला बघत होते. कुणाला सांगायची सोय आहे का ही?

भांडी घासताना मी डोळ्यांपुढं आणून बघितलं. तुम्हाला पिशवीत घालून पुण्याला नेलं, असं धरा. बालाजीच्या घरात भिंतीला खिळा ठोकत नाहीत, चिकटवायचा हुक लावतात. टीव्हीच्या बाजूला तुम्हाला सपाट चिकटवणार. मागं कागद जायला जागा नाही. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी ठोकलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही एकदाच गेला होतात तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी पिशवी भरून बसलात. बालाजी म्हणाला, "बाबा, काय कमी पडलं?" तुम्ही म्हणालात, "काय न्हाई रे, सगळं हाय." आणि बसस्टँडवर येईपर्यंत माझ्याशीही बोलला नाहीत. मी तेव्हा तुम्हाला हट्टी म्हणाले होते. अजूनही म्हणते.

तर मी काल रात्रीच्या जेवणाला बालाजीला आणि आक्कांना समोर बसवून सांगितलं. परवा म्हणजे परवा. मी येते. पण फोटो येणार नाही.

बालाजी म्हणाला, "असं कसं? बाबांना एकट्याला कुलपात ठेवायचं?"

"एकट्याला? मोजून बघ किती जण हायेत."

आक्का जेवल्या, हात धुतला, आणि ओल्या हातानंच म्हणाल्या, "किल्ली माझ्याजवळ दे. मी रोज येऊन पाणी ठेवीन. पर झाडणार न्हाई, सांगून ठेवते. माझ्या भावाची घाण मी काढणार न्हाई."

"नका काढू," मी म्हणाले. "मी येऊन काढीन."

आज सकाळी चहाला आल्या तेव्हा वाटीत तांदळाची कणी घेऊन आल्या होत्या. मी बघितलं नाही असं दाखवलं. तुम्हीही दाखवा.

आता नीट ऐका. मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते आहे. झरोक्याला काच बसवणार नाही, चिमण्यांची वाट आहे ती; पंख्याच्या बटणावर नवी पट्टी लावली आहे. पिल्लं कधीही उडतील, मग दुसरी घालतील, यांचं पावसाळा संपेपर्यंत संपत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढी वर्षं मी सांभाळलं. तुम्ही नुसती रुई आणून दिलीत आणि मिरवलात. आता तुमची पाळी. साप आला तर ओरडायला मी नसेन, तेव्हा डोळे उघडे ठेवा, तसे त्या फोटोत आहेतच.

आणि शब्द देते. रेणुकाची सुटका झाली, लेकरू मान धरायला लागलं की त्याला घेऊन मी इकडं येईन. मधल्या खोलीत तुमच्यासमोर उभी राहीन आणि त्याला सांगीन, हे तुझे आजोबा. यांनी जन्मात केर काढला नाही. यांच्यावर रागावायचं असेल तर नीट रागाव, कारण यांना लवकर कळत नाही.

येते मी.

अजून चिडलेलीच,
कौसल्या